माझे पाय तेव्हा सेलूत होते

हिंगणघाट
फेब्रुवारी २००३

प्रिय मयुरी,

साखरपुड्यात तुझ्याशी धड चार शब्द बोलता आले नाहीत. तू पाटावर मान खाली घालून बसलेली, आणि मी तुझी होणारी जाऊ असून पाहुण्यांना पोह्यांच्या बशा देत फिरत होते. पण तुझ्या बाबांचा कारंज्याचा ढाबा हमरस्त्यावर आहे, तिथे आमच्या गावचे ट्रकवाले जेवायला थांबतात. तेव्हा आमच्या घराबद्दल तुझ्या कानावर सगळं आलंच असणार, खरं तेवढं सोडून. ते मी सांगते. लांबलचक आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

माझा नवरा, म्हणजे तुझे होणारे भासरे, धीरज. (मी नवऱ्याला नावाने हाक मारते, हाही माझ्यावरचा एक आरोप आहे.) त्याने सत्त्याण्णव साली भारताच्या संघाकडून बॉलिंग टाकली. हिंगणघाटच्या पोराने! गावाने त्याला उघड्या जीपमधून मिरवलं, शाळेने अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. पुढच्या उन्हाळ्यात नवा संघ जाहीर झाला आणि त्यात त्याचं नाव नव्हतं. त्याला आता पाच वर्षं होतील, पण तानबाच्या पानठेल्यावर रोज संध्याकाळी अजून या एकाच खटल्याची सुनावणी चालते. ओमप्रकाश कापडवाले म्हणतात, "मुंबईवाल्याइनं कापलं त्याले, विदर्भाच्या पोराले कोण विचारते!" अण्णाजी मास्तरांचं म्हणणं, पोरगा वरणभातावर वाढलेला, अंडी खाल्ली असती तर खांदा टिकला असता. कोणी म्हणतं, जीपवर मिरवला तेव्हाच नजर लागली. मी दळण घेऊन तिथून निघाले की खटला एकदम तहकूब होतो. त्यावरूनच मला कळलं, की आरोपी मी आहे.

आमचं लग्न झालं फेब्रुवारीत आणि धीरजचं नाव गेलं एप्रिलमध्ये. लोकांना एवढं पुरलं. सासूबाई मनाने वाईट नाहीत गं, माझ्या बाळंतपणात त्यांनी मला काडी उचलू दिली नाही. पण पोराचं दुखणं त्यांना सहन होईना आणि बोट दाखवायला कोणीतरी हवंच होतं. "सून घरात आली अन् पोरगा टीमच्या बाहेर गेला," हे त्या आधी स्वयंपाकघरात हळू म्हणाल्या, मग हळदीकुंकवाला मोठ्याने. पुरावाही होताच. गृहप्रवेशाला माप ओलांडताना माझ्या पायाचा धक्का जरा जोरात बसला आणि तांदूळ पार ओसरीपर्यंत उडाले. त्या दिवशी सगळ्या बाया हसल्या, लक्ष्मी उड्या मारत आली म्हणाल्या. दोन महिन्यांनी त्याच बायांना आठवलं, की नव्या नवरीने मापाला लाथ मारली होती. पायगुण म्हणतात तो हा असा ठरतो.

पण मीही सेलूच्या दुकानदाराची पोरगी आहे, ऐकून घेणारी नाही. धीरजच्या बॉलिंगला मार पडायला सुरुवात झाली ती लग्नाच्या आधीच्या दिवाळीत. तो सामना मी सेलूला, दुकानामागच्या खोलीत, टीव्हीसमोर चिवडा खात पाहिला. आमचं तेव्हा नुसतं ठरलं होतं. त्याच्या एका ओव्हरमध्ये चौकारावर चौकार बसत होते आणि मी चिवड्याची वाटी बाजूला ठेवून रडत होते. म्हणजे तेव्हा माझे दोन्ही पाय सेलूत होते, गोधडीखाली! हिंगणघाटचा उंबरा त्यांनी पाहिलाही नव्हता. हे मी सासूबाईंना सांगितलं, शेजारच्या काकूंना सांगितलं, आणि एकदा अण्णाजी मास्तरांना भर रस्त्यात थांबवून सांगितलं. मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "पोरी, लग्न ठरलं तवापासूनच पायगुण लागू होते." शिकलेला माणूस! मी तिथेच त्यांना विचारलं, की मग तुमची पेन्शन अडकली होती तेव्हा गुरुजी, घरात कोणाचे पाय आले होते? तेव्हापासून ते मला पाहिलं की रस्ता ओलांडतात.

आता खरं कारण ऐक. हे मला धीरजनेच सांगितलं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, आम्ही वणा नदीच्या पुलावर फिरायला गेलो असताना. भैयाजींच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात तो आणि त्याचे दोस्त खेळून मोठे झाले. हंगामात तिथे सगळीकडे कापसाच्या गंज्या असायच्या आणि मधे एक चिंचोळी पट्टी मोकळी राहायची, तीच यांची पीच. एका अंगाला भिंत. दुसऱ्या अंगाला, म्हणजे बॅटला चकवून बॉल बाहेर निघाला की जिथे जाईल तिथे, कापूस. लाल बॉलचा डाग कापसाला लागला की त्याचा भाव पडायचा, आणि भैयाजी काठी घेऊन धावायचे, "बॉल कापसात गेला त उद्यापासून फाटक बंद!" म्हणून पोरांनी आपला कायदा केला, बॉल कापसात घालेल त्या बॉलरने त्या दिवशी पुन्हा बॉल हातात धरायचा नाही. झालं, या गावच्या एकूणएक पोराचा बॉल आत, बॅट्समनच्या पायांकडे, यायला लागला. बाहेर काढायचं कोणाच्या मनगटाला ठाऊकच नाही.

धीरजचा बॉल सगळ्यांत वेगात आणि सगळ्यांत उशिरा आत यायचा. त्या एका बॉलवर तो भारताच्या संघापर्यंत गेला आणि त्याच बॉलपायी परत आला. मोठ्या फलंदाजांनी चार सामन्यांत ओळखलं, की हा आतच आणणार. पाय मोकळा करायचा आणि लेगला भिरकावायचा, बस. त्याने तो अख्खा हिवाळा बाहेरचा बॉल शिकण्यात घातला, मनगट सुजवून घेतलं, पण जमलं नाही. तोवर दोन्ही बॉल टाकणारा एक पोरगा आला आणि त्याला घेतलं. निवड समितीत मी असते तर मीही त्यालाच घेतलं असतं. यात मुंबईवाले नाहीत, नजर नाही, अंडी नाहीत आणि माझे पाय तर नाहीतच. आणि लाज वाटण्यासारखंही यात काही नाही. कापसाशेजारी शिकलेला एकच बॉल घेऊन माणूस देशासाठी खेळून आला, याहून मोठं या गावात कोणी काय केलंय ते मला दाखवा म्हणावं!

मग धीरज हे लोकांना का सांगत नाही, असं तू विचारशील. मुंबईवाल्यांनी कापलं म्हटलं की गाव त्याच्या पाठीवर हात ठेवतं, चहा पाजतं. मला तो बॉल येत नव्हता म्हटलं, तर तो हात निघून जाईल असं त्याला वाटतं. माझ्यावर बोलणं आलं की तो उठून बाहेर जातो आणि घरी आल्यावर मला म्हणतो, "तू काऊन मनावर घेऊन राह्यली? लोकं बोलतच राह्यतात." माणूस प्रेमळ आहे. मला ताप आला तर पोरीची वेणी घालून, पोळ्या करून मग बँकेत जातो. पण इतक्या वर्षांत चारचौघांत एकदाही म्हणाला नाही, की हिच्यामुळे नाही. याचा मला राग आहे. हे लिहितानाही आहे.

हे सगळं आजच का लिहिलं, ते आता सांगते. परवा तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला, आमच्या पियुषलाही, भारतीय संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं. घरात पेढे वाटले आणि त्याच संध्याकाळी बैठक बसली. सासूबाई म्हणाल्या, "या खेपेले चूक नाई करायची. लग्न पुढं ढकला, आधी पोराचं टीममधे पक्कं होऊ द्या." ती चूक, म्हणजे मी, चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते. तुझा पियुष नखं कुरतडत बसला. उद्या मामाजी, म्हणजे माझे सासरे, मधुकररावांना मध्यस्थ म्हणून सोबत घेऊन तुमच्याकडे येतील आणि मे महिन्यात मुहूर्त जुळत नाही म्हणून सांगतील. मुहूर्ताचं काही नाही, मयुरी, त्यांना तुझ्या पायांची भीती वाटते आहे. पियुष गुणी आहे, त्याच्या वेळी जिनिंग बंद पडून आवार मोकळं झालं होतं, त्याला बॉल बाहेरही काढता येतो. पण कधीतरी त्याचीही जागा जाईल, सगळ्यांचीच जाते, आणि त्या दिवशी सगळे तुझ्याकडे बघतील, मग लग्न यंदा केलेलं असो की चार वर्षांनी. शिबिरासाठी थांबायचं असेल तर पियुषने तसं तुझ्या तोंडावर म्हणावं आणि तूही खुशाल थांब. बैठकीत मी ट्रे खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत धीरजला म्हटलं, की माझ्यासाठी बोलला नाहीस, आता या पोरीसाठी तरी बोल. तो म्हणाला, "मी येतो कारंज्याले. मी सांगतो सगळं." हे पत्र तोच तुझ्या हातात देईल. पाकीट मी चिकटवलेलं नाही, वाटेत त्याने वाचलं तर वाचू दे. तुझ्या बाबांसमोर आणि मामाजींसमोर तो बोलला, तर निश्चिंत मनाने या घरात ये. आणि तोही गप्प राहिला, पियुषही गप्प राहिला, तर त्यांनी पुढची तारीख सांगायच्या आत तूच अंगठी काढून मामाजींच्या हातात दे. मला जाऊ मिळणार नाही याचं फार वाईट वाटेल, तू मला पहिल्याच दिवशी आवडलीस. पण या घरात आरोपी म्हणून मी एकटी पुरे आहे.

जाऊ झाले किंवा न झाले तरी
तुझीच,
रीता