एका बाळासाठी बाटली

सिस्टर, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली. आता अंबरनाथ पूर्वेला बुधवारच्या लसीकरणाला मी बसते आणि लोक मलाच सिस्टर म्हणतात. गोवराची लस हातात घेतली की उल्हासनगर कॅम्प पाचमधला तो दिवस आठवतो. मी नोकरीत नवी, शहाणपण नुसतं उतू चाललेलं. एक सिंधी आजी नातीला घेऊन आली. गोवराच्या एका बाटलीत बऱ्याच बाळांचे डोस असतात, आणि एकदा फोडली की चार तासांनी उरलेली टाकून द्यावी लागते. म्हणून मी म्हटलं, "अम्मा, अगले हफ्ते आओ, चार बच्चे जमने दो." तेवढ्यात तुम्ही मागून येता, काही न बोलता बाटली फोडता, पोरीला टोचता आणि मग सगळ्यांदेखत मला झापता, "बाटली परत मागवता येते गं. ही बाई परत येईल याची हमी कोण देणार, तुझा मामा?" मला भयंकर राग आला होता. दुपारी तुम्ही तुमच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवलीत, तीही मी घुश्शातच खाल्ली.

यंदा वाया जाणाऱ्या लसीवरून मीटिंगमध्ये आमची खरडपट्टी निघाली. त्याच आठवड्यात आनंदनगरच्या एका कंपनीत पॅकिंगला जाणारी बाई दहा महिन्यांच्या मुलाला घेऊन आली. त्या दिवशी गोवराच्या डोससाठी तो एकटाच होता. मी म्हटलं, पुढच्या बुधवारी या.

"मॅडम, हाफ डे टाकून आले. पुढच्या बुधवारी नाय सोडणार मला."

"बघा, जमवा," मी म्हटलं.

तिला जमलं नाही. महिन्याभराने मुलाला गोवर झाला, बरेच दिवस दवाखान्यात होता. जीव वाचला, पण एका कानाने त्याला आता नीट ऐकू येत नाही.

चौकशीला मोठे साहेब आले आणि त्यांनी तिलाच फैलावर घेतलं. "मी आलेली, साहेब," ती म्हणाली, "ह्या मॅडमनीच परत पाठवलं." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टर पुढे केलं. पुढच्या बुधवारच्या शेऱ्यात माझ्याच अक्षरात होतं, पालक आले नाहीत; आधीच्या बुधवारी ती आली होती हे मी लिहिलंच नव्हतं. तिने मुलाला उचललं आणि ती गेली. मला लाज वाटली, पण तोंड उघडलं नाही.

तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही कुणाला सांगणार नाही. हे सगळं खरं तर साहेबांना लिहायला हवं. तो कागद अजून कोराच आहे.