तलावावरची खोप

९ डिसेंबर १९३४, रविवार
बाबा आज पुन्हा उजाडायच्या आत तलावावर गेले. घोंगडी खुंटीवर तशीच. मुद्दामच.
परत आले ते ओठ निळसर, आणि बोलताना वाक्य मधेच तुटत होतं. पिशवीत गळाला लागलेल्या दोन मरळी. मी रागावले, मग कालवण केलं. मिटक्या मारत जेवले. म्हणाले, "सारा जन्म आगगाडीत गार्डाच्या डब्यात वारा खाल्ला, आता हिप्परग्याच्या तलावाचा वारा काय करणार?"
त्या डब्यातल्या वाऱ्यानंच छाती अशी झाली. पण हे त्यांना कोण सांगणार.

११ डिसेंबर, मंगळ
बाबांनी पहाट बसूनच काढली. धाप. मी पाठ चोळत होते तर बरगड्या हाताला लागल्या.
घरी बसा म्हटलं. "घरी बसून काय करू? तुझ्या शाळेतल्या पोरींबरोबर पाढे म्हणू?" हसले आणि त्या हसण्यातच पुन्हा खोकला.
आई गेल्यापासून हे एकाच गोष्टीसाठी अंथरुणातून उठतात. ती बंद कर म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? आणि नाही सांगितलं तर...

१६ डिसेंबर, रविवार
मी यमाजी कोळ्याकडे जाऊन आले. तो बाबांच्याच काठाला जाळं टाकतो, बाबांना तेवढीच सोबत. विचारलं, बसायला आडोसा करता येईल का?
"कडब्याची खोप घालतो की बाई. तिन्ही अंगानं बंद, पाण्याकडं तोंड. वर ताडपत्री. लई ऊब राहती."
त्याची बायको गंगाबाई आतून म्हणाली, "वाऱ्यानं उडून तलावात जाईल, बघा."
घरी सांगितलं तर बाबा बिथरलेच. "खोपीत बसून मासा धरायचा? मग घरातच बसतो की, बादलीत गळ टाकून!" पुढे म्हणाले, मासा लागायच्या आधी पाणी हलतं, ते मोकळ्यावर बसल्याशिवाय दिसत नाही. मी म्हटलं, छाती राहिली तर पाणी दिसेल. जरा जास्तच मोठ्यानं बोलले.
शेवटी म्हणाले, "घाल. तुझं समाधान होऊ दे."

२० डिसेंबर, गुरु
खोप झाली. शाळेच्या ओसरीवरून दिसते. पण बाबा दिसत नाहीत! इतके दिवस निदान पाठ दिसायची, पांढरं मुंडासं दिसायचं. पोरींना धडा वाचायला लावून मी तिकडे बघायचे, पाठ सरळ असली की जिवाला बरं वाटायचं. आता नुसता कडबा.
हे मला आधी कसं सुचलं नाही.

२३ डिसेंबर, रविवार
खोकला कमी. दोन रात्री सलग झोप. चेहऱ्यावर टवटवी आलीय.
बाबा आपणहून म्हणाले, "बरी आहे गं खोप." मी मनात नारळ फोडला. पाण्याकडच्या तोंडाला त्यांनी पोतं लावून घेतलंय, गळाची काठी बाहेर काढायला फट ठेवून. वारा मुळीच येत नाही म्हणाले.

२७ डिसेंबर, गुरु
लिहितेय. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून.
सकाळची शाळा चालू होती. गंगाबाईची हाक, "बाई, पळा, गार्डसाहेब..." पुढचं ऐकलंच नाही. पोरी तशाच टाकून निघाले. चप्पल कुठे गेली ठाऊक नाही.
यमाजीनं त्यांना खोपीबाहेर ओढून काठावर निजवलं होतं. चेहरा लाल, तुकतुकीत, मला क्षणभर वाटलं बरे आहेत. डोळे अर्धे उघडे, आणि त्यांत कुणीच नव्हतं.
"हाक दिली तर वो न्हाय. काठी पाण्यात पडल्याली. पोतं वडलं तर ह्ये कलंडल्यालं की." आत घमेल्यात कोळसे. यमाजी रडायलाच लागला. "हात काकडल्यात म्हनलं, मीच चुलीतला इस्तव दिला, बाई. मला काय ठावं!"
त्याला काय बोलू? खोप कुणी घालायला लावली?
बैलगाडीतून शहरात आणलं. डोकं माझ्या मांडीवर. गाडीचा प्रत्येक हिसका...

२८ डिसेंबर, शुक्र
शुद्धीवर आले. वांत्या. डॉ. म्हणाले, कोळशाचा वायू. त्याला वास नसतो. बाळंतिणीच्या बंद खोलीत शेगडीनं होतं, तसंच हे. "आणखी थोडा वेळ आत राहिले असते तर..." आणि नाडी बघायला वळले.
बाबांनी मला ओळखलं. मग विचारलं, "इंदू, तुझी आई कुठाय?"
मी म्हटलं, घरी.

२ जानेवारी १९३५, बुध
घरी आणलं. एक गोष्ट दहादा विचारतात. आज आईची चौकशी करता करता आपणच थांबले. "नाही का. गेली ती." विसरलेलं बरं होतं.
डॉक्टरांनी बजावलंय, थंडी नको आणि कोंदट जागाही नको. मी विचारलं, मग तलावावर कुठे बसवू? त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तलावावर? घरात बसवा."

६ जानेवारी, रविवार
यमाजी आला, पण उंबरा ओलांडेना. अंगणातच उभा. "खोप मोडून टाकतो, बाई. नजरंला पडली की जाळं टाकवत न्हाय."
मी हो म्हणणार तोच आतून आवाज, "मोडायची नाही. माझी आहे ती."
आजारानंतरचं हे त्यांचं पहिलं ठणठणीत वाक्य. ज्यांना खोप नकोच होती, त्यांचं. यमाजी माझ्याकडे बघत राहिला. राहू दे म्हटलं.

१० जानेवारी, गुरु
जेवण अर्ध्या भाकरीवर आलंय. पहाटे उठून मुंडासं बांधतात, काठी मांडीवर घेऊन खाटेवर बसून राहतात.
मी दाराला आतून कुलूप लावते. त्यांना दिसतं. एकदाही विचारलं नाही का म्हणून. भांडले असते तर सोपं होतं.

१३ जानेवारी, रविवार, भोगी
बाजरीची भाकरी न् भाजी बांधून मीच त्यांना घेऊन गेले. आधी यमाजीकडून खोपीची मागची बाजू सोडवली, पोतं काढलं. आता नुसतं छप्पर आणि दोन्ही बाजूंचे कूड. वारा आरपार. आम्ही दोघं आत, यमाजी पलीकडे कमरेइतक्या पाण्यात, जाळं कमी आणि आमच्याकडे जास्त बघत.
आजारापासून थरथरणारा बाबांचा हात काठीवर बसल्याबरोबर स्थिरावला. हे मी डोळ्यांनी पाहिलं.
खोकलाही सुरू झाला. त्यांच्या अंगावर माझी शाल घातली, ती त्यांनी राहू दिली.
मग पाण्याकडेच बघत म्हणाले, "त्या दिवशी भीती नाही वाटली गं. हात ऊबदार झाले. झोप येत होती. गोड झोप."
मी विचारलं, "पोतं बाजूला करावंसं नाही वाटलं?"
"आठवत नाही."
खरंच आठवत नाही, की... विचारायचं धाडस झालं नाही. एवढ्यात काठी वाकली आणि त्यांनी ती माझ्याच हातात दिली. मासा सुटला. हसले. पुन्हा खोकला, आणि या वेळी लवकर थांबेना.
निघताना यमाजी पाण्यातून वर आला. "मागली बाजू परत बांधू का, बाई? का समदंच मोडू?"
बाबा म्हणाले, "तिला विचार."
दोघं माझ्या तोंडाकडे बघत उभे. वाऱ्यानं ताडपत्री फडफडत होती.
"उद्या सांगते," म्हटलं.