घट्ट दही

३ जून

ती. दादास,
बारकीचा सा. न. वि. वि.

वहिनीला सातवा लागला हे वाचून आनंद झाला. पाळणा मात्र सुताराकडून करून घे. तुझे खिळे मला माहीत आहेत.

इकडे डेअरीत दह्याचं खातं माझ्याकडे आलं आणि पहिल्याच आठवड्यात नाचक्की झाली. दही पातळ, चमचा लावला की पाणी सुटायचं. मग मी मक्याच्या पिठाची खळ शिजवून दुधात घालायला लावली. आता डबा उलटा केला तरी दही हलत नाही. साहेब खूश आहेत. वहिनीसाठी आमच्या ट्रकवाल्याबरोबर सहा डबे पाठवले आहेत. दर मंगळवारी पाठवीन.

लोभ आटू देऊ नये.
तुझी बारकी


९ जून

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

डबे पोचले. तुझी वहिनी जेवण टाकून दहीच खाते. म्हणते, नणंदेनं पहिल्यांदाच कामाचं काही पाठवलं. मी चमचाभर मागितलं तर वाटी पाठीमागे लपवली.

पण दही पातळ का होत होतं? बाबा त्याच खात्यात तीस वर्षं होते. ते म्हणायचे, दूध नव्वद अंशांवर पुरेसा वेळ धरलं की दही आपोआप घट्ट बसतं. पाणी सुटलं तर विरजणाला बोल लावण्याआधी दुधात स्वतः थर्मामीटर धरून बघावा. तू पाहिलंच असशील.

लोभ आहे, तो असाच राहो.
दादा


१२ जून

ती. दादास नमस्कार.

मी पाहिलं नव्हतं. भिंतीवरच्या तापमापकाचा काटा नव्वदवर होता, त्यावर विसंबले. आज बाबांचा थर्मामीटर टाकीत धरला. अठ्ठावन्न. काटा अडकलेला आहे. नोंदीच्या कागदावर तीन आठवडे रेघ सरळ आहे. तापत्या दुधाची रेघ कधी सरळ नसते.

दूध कच्चं राहतंय हे दही पातळ होऊन सांगत होतं. मी त्याचं तोंड बंद केलं.

साहेब म्हणतात, एकही तक्रार नाही, माल परत मागवायचा नाही. मी टाकी बंद केली आहे, पण डबे दुकानांत गेलेत.

वहिनीला आता एक चमचाही देऊ नकोस. जरा ताप आला तरी डॉक्टरांना सांग, दही कच्च्या दुधाचं होतं. त्यातल्या जंतूंनी आईला नुसता ताप येतो, पण पोटातल्या बाळाच्या जिवावर बेततं. पत्र ट्रकवाल्याच्या हाती देते. उद्या दुपारी पोचेल.

लोभ मागायला तोंड नाही.
बारकी


१२ जून

चि. बारकीस आशीर्वाद.

तुझ्या वहिनीला दोन दिवस ताप आहे, पाठ भरून येते. डॉक्टर म्हणतात, हवा बदलली. बाळ पोटात कालपासून शांत आहे. ती हसून म्हणते, आत्यावर गेलेलं नाही. पाळणा मीच केला. एक पाय डगमगतो.

तिला अन्न जात नाही, फक्त तुझं दही उतरतं. सकाळी शेवटचा डबा उघडला. मंगळवारची वाट न पाहता आणखी पाठव.

तिचाही तुझ्यावर लोभ आहे.
दादा