बिशपच्या हाताखालचा मेंढपाळ

प्रिय ऑस्बर्न,

तुझी पहिली पाटी, आर्चडीकन म्हणून बिशपच्या हाताखाली लागलास तेव्हाची प्रवासाची पेटी आणि आता बिशपचं हे ओकचं आसन, सगळं याच हातांनी घडवलं, कुणाकडे न शिकता. सांध्यात केस शिरणार नाही! उद्या तू त्यावर बसणार, माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत!

आसनाच्या उजव्या हाताखाली आपले बाबा कोरलेत, मेंढ्यांसकट. तुझा कारभारी ते पाहून फणकारला, "सुतारबुवा, इथे सरदार कोरा! बिशपांचे वडील सरदार होते, असं सांगितलंय आम्ही सगळ्यांना."

मी म्हणालो, "येशू जन्मला तेव्हा गोठ्यात आधी कोण पोचलं, साहेब? सरदार की मेंढपाळ?"

ही सरदाराची थाप तुझ्या सांगण्यावरून होती का, मी विचारलं नाही. तुझी पत्रं तोच आधी फोडतो, म्हणून हे पाठवणारही नाही.

बाबांना तासून काढायला त्याने वीस मार्क चांदी देऊ केली. मी नाही म्हणालो.

तुझा थोरला,
थर्स्टन