बाबांची बावन्न पुस्तकं

२ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तू, वहिनी आणि माझी भाची खुशाल असाल असं धरून चालते. नव्या वर्षाचं कार्ड पाठवणार होते, पण दुकानातली सगळी कार्डं फारच हसरी निघाली. मग म्हटलं, पत्रच लिहू.

इकडे सगळं आहे तसंच आहे. शिवणाच्या दुकानात मास्तरांनी नवं मशीन घेतलंय, पण त्यावर कोट शिवायचे ते त्यांनी. दुरुस्तीची कामं माझ्याच गळ्यात. पँट लांडी कर, चेन बदल, माणूस सुटला की कोट सोड, आजारी पडून आला की आत घे. गिऱ्हाइकांची तब्येत त्यांच्या डॉक्टरआधी मला कळते. गुडघा अधूनमधून कुरकुरतो. बाकी उत्तम.

खरं सांगायचंय ते वेगळंच. मी यंदा बावन्न पुस्तकं वाचायची ठरवली आहेत. हसू नकोस. शाळेत धडा वाचताना मला जांभया यायच्या हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? पण ही बाबांची पुस्तकं आहेत. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात खिळे जुळवले. मालक प्रत्येक पुस्तकाची एक प्रत द्यायचे. बाबा ती घरी आणून फळीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "उलटी अक्षरं जुळवण्यात जन्म गेला, आत काय लिहिलंय ते रिटायर झाल्यावर बघू." आणि रिटायर झाले तर काचबिंदूने डोळे नेले.

गेल्या जानेवारीत त्यांनीच ठरवलं होतं. "वर्षात बावन्न. आठवड्याला एक. तू वाच, मी ऐकतो."

मी म्हटलं, "बाबा, मी काय गिरणी आहे?"

"गिरणीला पण कुणीतरी दाणे घालावे लागतात. मी घालतो. बस."

रोज दुकानातून आले की चहा, आणि मग पाच ते सात वाचन. ऑक्टोबरपर्यंत एकतीस झाली होती. पुढचं तुला माहीत आहे.

यंदा मी बत्तिसाव्यापासून नाही, पहिल्यापासून सुरुवात केली आहे. मोठ्याने वाचते, त्यांच्याच खोलीत, त्यांच्या खाटेसमोर खुर्ची टाकून. एकही ओळ सोडायची नाही असा नेम केलाय. का, ते आत्ता विचारू नकोस.

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दारात मी तुला जे बोलले, त्याबद्दल तू नंतर एक शब्दही काढला नाहीस. मीही काढलेला नाही. उत्तर पाठव. दोन ओळी चालतील.

तुझी,
चिमी


१९ जून

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. दोन ओळी म्हटलं तर तू अगदी मोजून दोनच लिहिल्यास! "पत्र पोचलं. झेपेल तेवढं वाच." तरी ते मी चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरले.

झेपत नाहीये. आतापर्यंत चोवीस व्हायला हवी होती, एकोणीस झाली. मधमाश्या पाळण्यावरचं पुस्तक झालं, एका वैद्याचं आत्मचरित्र झालं, विहिरींचे प्रकार सांगणारं एक झालं. ते वाचताना मीच विहिरीत उडी घेईन असं वाटलं. मास्तर विचारतात, "कुठली परीक्षा देताय?" मी म्हणते, "राहिलेली."

दादा, ते का राहिलंय ते सांगते. गेल्या वर्षी बाबांना वाचून दाखवताना मी पानं गाळायचे.

पहिले दोन महिने प्रामाणिकपणे वाचलं. मग मार्चमध्ये शाळेच्या गणवेशांचं काम आलं, पाठीचा काटा ढिला झाला, आणि एका संध्याकाळी मी दोन पानं एकदम उलटली. काही झालं नाही. बाबा म्हणाले, "हं, पुढे." मग चार, मग दहा. पुढे पुढे तर मी मधला भाग स्वतःच्या पदरचा घालून जोडायचे. एका कादंबरीत नायकाची मावशी मी परस्पर मारून टाकली, कारण ती फार बोलायची. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा उगवली. बाबा म्हणाले, "अगं, ही वारली ना?" मी म्हटलं, "ती दुसरी मावशी." बाबा म्हणाले, "बरंच मोठं कुटुंब दिसतंय." मला वाटलं, सुटले.

आता लिहिते ते वाचून तू मला वेड लागलं म्हणशील. म्हण.

यंदाच्या एप्रिलपासून वाचताना मला समासात पेन्सिलीची टिंबं दिसायला लागली. अगदी बारीक, हलक्या हाताने टेकवलेली. आधी लक्ष दिलं नाही. मग त्या मावशीच्या कादंबरीपाशी आले. ती जिथे मी मारली होती, नेमकं त्या ओळीशी एक टिंब. आठ पानांनी, जिथून मी पुन्हा खरं वाचायला लागले होते, तिथे दुसरं. मी उठून वाचून झालेली सगळी पुस्तकं पुन्हा काढली. जिथे जिथे मी गाळलं होतं तिथे तिथे सुरुवातीला एक आणि शेवटाला एक. एकही चुकलेलं नाही. मार्चआधीच्या पुस्तकांत एकसुद्धा नाही.

घरात बाबा आणि मी, आम्ही दोघंच होतो. आणि बाबांना दिवा लागलाय की नाही हेही दिसत नव्हतं.

त्या दिवसापासून मी दार सताड उघडं ठेवून वाचते. पाठीमागे भिंत हवी म्हणून खुर्ची सरकवली. तरी टिंब आलं की मी दाराकडे बघते. पुढची पानं मी पहिल्यांदा वाचतेय आणि खोलीत कुणाला तरी ती आधीच पाठ आहेत, असं वाटतं. मी एखाद्या शब्दाला अडखळले की समोरून कुणीतरी तो पुरवेल म्हणून मी थांबते. कुणी पुरवत नाही. मग मीच म्हणते, "हं, पुढे." माझ्याच तोंडून त्यांचा सूर निघतो.

काल अर्ध्यात पुस्तक मिटून पायऱ्यांवर जाऊन बसले. पण पुन्हा आत गेले. सोडायचं नाही म्हणजे नाही.

वहिनीला सांग, भाचीचा फ्रॉक शिवून झालाय, पुढच्या आठवड्यात पाठवते. घेर थोडा मोठाच ठेवलाय.

चिमी


११ ऑक्टोबर

दादा,

परवा बाबांना जाऊन वर्ष झालं. त्याच दिवशी दुपारी वहिनीचा दुकानात फोन आला. तिने तुला न सांगता केला होता, तेव्हा तिच्यावर रागावू नकोस.

ती म्हणाली, "चिमीताई, तुमचे भाऊ वर्षभर घरचा फोन उचलत नाहीत. वाजायला लागला की हातातलं काम टाकून नुसते बघत बसतात. ओठांनी मोजतात. दहा झाले की उठून बाहेर जातात. मी विचारलं तर म्हणतात, मी दहा वेळा वाजू दिला होता. ताई, नक्की काय झालं होतं हो?"

मी "नंतर करते" म्हणून फोन ठेवला. मास्तरांनी पाणी आणून दिलं.

तिला जे सांगायला हवं होतं ते तुला लिहिते. पण आधी टिंबांचं.

खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई आठवतात ना? रिटायर झालेल्या, पांढऱ्या केसांच्या. बाबा जायच्या आठवडाभर आधी त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, नातवंड सांभाळत तिथेच राहिल्या आणि आत्ता गेल्या महिन्यात परतल्या. भेटायला वर आल्या आणि माझ्या हातात पुस्तक बघून म्हणाल्या, "अगंबाई, हे का? हे आम्ही वाचलंय."

मी विचारलं, "आम्ही म्हणजे?"

त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाल्या, "आता सांगायला हरकत नसावी. तू दुकानात गेलीस की तुझे वडील काठीने जमिनीवर टकटक करायचे. मी वर यायची. काल कुठल्या वाक्यानंतर गोष्ट तुटली ते शब्दन्‌शब्द सांगायचे. मी ते वाक्य शोधायची, मधली पानं वाचून दाखवायची आणि खूण करायची. खुणेचं त्यांनीच सांगितलं होतं. म्हणायचे, छापखान्यात जुळवलेल्या फर्म्यातून ओळ सुटली तर खूण करायची असते."

"मला का नाही बोलले?"

"मी म्हटलं होतं त्यांना, पोरीला सांगा. तर म्हणाले, दिवसभर सुई ओढून येते. तिला कळलं तर ती वाचणंच सोडेल, आणि मला संध्याकाळी तिचा आवाज हवा असतो."

दादा, सहा महिने मी त्यांना फसवत होते आणि सहा महिने ते मला सांभाळून घेत होते. हे कळल्यावर खोलीतली भीती गेली असेल असं तुला वाटेल. उलट झालं. आधी निदान भूत तरी होतं. आता त्या खाटेवर कुणीच नाही.

आता त्या दिवसाचं.

एकतिसावं पुस्तक म्हणजे दीपगृहाच्या रखवालदाराची जाडजूड कादंबरी. नर्सबाई गावाला गेलेल्या. मी त्या आठवड्यात वाट्टेल तशी पानं गाळली. त्या दिवशी सव्वापाचला वाचायला बसले आणि पावणेसहाला पुस्तक मिटलं. चाळीस पानं उरली होती. मला अर्धा तास गच्चीत बसायचं होतं. कुणाची वाट नाही, कुठं जायचं नाही. अर्धा तास कुणी "हं, पुढे" म्हणू नये, एवढंच हवं होतं.

बाबा म्हणाले, "संपलं?"

"संपलं."

"मग बोट बुडाली का?"

मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "वाचली."

त्यांनी हात पुढे केला. मग म्हणाले, "बरं झालं. आण इकडे, बघतो."

बघतो म्हणजे हातात घेणार, बोटाने पानांची जाडी पाहणार. एका पानाचासुद्धा फरक त्या बोटांना कळायचा; एवढं जाड पुस्तक इतक्यात संपणं शक्य नाही हे त्यांनी लगेच ओळखलं असतं. मी म्हटलं, "ठेवलं वर." आणि खरंच ते सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं, त्यांचा हात पोचू नये म्हणून. मुद्दाम. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

गच्चीत बसले. खाली फोन वाजायला लागला. मी उठले नाही. वाजू दे म्हटलं. शेवटी तो थांबला. आणखी थोडा वेळ बसले आणि खाली आले.

स्टूल फळीपाशी आडवं पडलं होतं. बाबा जमिनीवर होते आणि पुस्तक त्यांच्या अंगाखाली. फोन होता दुसऱ्या खोलीत, दादा. ते फोनकडे गेलेच नव्हते. तू फोन केलास तेव्हा ते स्टुलावर होते, नाहीतर आधीच पडलेले होते. डॉक्टर म्हणाले, "लगेच गेले असतील." त्यातलं "असतील" मला वर्षभर झोपू देत नाही. पण ते ओझं माझं आहे. तुझा नाही.

मी स्टूल उचलून स्वयंपाकघरात नेलं. पुस्तक पुसून फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी तू दारात उभा राहिलास, पायात बूट तसेच, आणि विचारलंस, "कसे पडले?" मी म्हटलं, "तुझ्या फोनला धावले. आठवड्यातून एकदा करायचास, म्हणून धावले."

कसं सुचलं मला माहीत नाही. तू दोन वर्षं आला नव्हतास याचा राग होता. तो खरा होता. पण त्या वाक्यातला एकही शब्द खरा नव्हता. तुझा चेहरा उतरलेला मी पाहिला, आणि मला बरं वाटलं. हेही लिहायलाच हवं. बरं वाटलं. कारण आता ते ओझं वाहायला दुसरं कुणीतरी मिळालं होतं.

वहिनीला मी आज सकाळी फोन करून सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हे तुम्ही त्यांना लिहून द्या. तोंडी सांगाल तर ते तुमचीच समजूत काढत बसतील." ती तुला चांगली ओळखते.

मी यंदा बावन्न पुरी करणार नाही. तिसावर आहे आणि तिथेच थांबणार आहे. बोटीचं काय झालं ते मला ठाऊक करून घ्यायचं नाही. बाबांना मी जे सांगितलं ते त्यांनी खरं धरलं असेल का, हे मला कधीच कळणार नाही, आणि ते न कळणं मला भोगू दे. राहिलेली पुस्तकं नर्सबाईंना देऊन टाकली. त्या न्यायला वर आल्या तेव्हा मी दारातच उभी होते. खोलीत त्या एकट्याच गेल्या.

हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. शनिवारी सकाळच्या गाडीने मी येतेय. अकराच्या सुमारास तुझ्या दारात असेन. वहिनीला सांगितलंय, तू नको म्हणालास तर तिने दार उघडू नये. मी तासभर जिन्यात बसेन आणि दुपारच्या गाडीने परत जाईन. माझ्यासाठी जेवायचं थांबू नका.

समजूत काढू नकोस माझी. ओरड, किंवा गप्प बस. पण तू दहा वेळा वाजू दिलास त्यात काही चूक नव्हती. घरात कुणीतरी उचलेल असं समजून माणूस फोन करतो. घरात मी होते.

बहीण म्हणावंसं वाटलं तर तुझीच,
चिमी