अंबाबाईची लॉरी आणि मोठे टायर

बेंगळूर,
दसऱ्यानंतरचा बुधवार, १९६१

ती. पिराजीराव दाजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे फत्तेसिंगाचा, वाकून नमस्कार. निपाणीत तुमचा दमा आणि सोयराअक्काचा राग दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. आम्ही इकडे खुशाल आहोत. खुशाल म्हणजे जेवतोखातो, पण गल्लीतून तोंड लपवून जातो, आणि त्याला कारण आमची लॉरी.

तुम्हाला ठाऊकच आहे, दसऱ्याला गल्लीतली अंबाबाई चढावरच्या देवळापर्यंत न्यायचा मान आमच्या घराचा. पणजोबांनी आणि आजोबांनी बैलगाडीतून नेली, वडिलांनी घोडागाडीतून, मी लॉरीतून नेतो. (लॉरी लष्कराच्या लिलावातली आहे, पण देवीने आजवर तक्रार केलेली नाही.) आता देवीकडे कुणी वरून पाहायचं नाही हा आपला रिवाज, आणि यंदा आमच्या मंडळाचे अध्यक्ष जयसिंगराव यांनी घरावर माडी चढवून सज्जा काढला. सज्ज्यात त्यांच्या मातोश्री सकवारबाई बसतात. गुडघ्यांमुळे त्या खाली उतरतच नाहीत. रीतीप्रमाणे त्या दिवशी सज्जा बंद ठेवायला हवा. पण आईला आत जा म्हणायची जयसिंगरावांची छाती नाही (माझीही नसती), तेव्हा ते मला म्हणाले, फत्तेसिंगअण्णा, देवीच स्वल्प वर घ्या. मी इकडच्यासारखं सरी, म्हणजे बरं, म्हणालो. सरी म्हणायला आपलं काय जातं, असं मला तेव्हा वाटलं.

चौरंग उंच केला तर देवी डुलते, म्हणून मी लॉरीच उंच करायचं ठरवलं आणि लिलावातूनच भलेथोरले टायर आणून चढवले. लॉरी चांगली वीतभर वर गेली. सज्जा तरीही वरच राहिला, पण माझा उत्साह बघून मंडळाने तेवढ्यावर भागवलं. (आमची मंडळी अंबुबाई आता पाटावर पाय देऊन लॉरीत चढते, आणि चढताना जे बोलते ते तुम्हाला लिहिण्यासारखं नाही.)

पुढे काय झालं ते नीट ऐका. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त जमीन कापते. ऐकायला हा फायदाच वाटतो. पण इंजिन तेच, ताकद तीच. तेवढ्याच वरणात चार पाहुणे वाढले की जे होतं तेच झालं. सपाटीवर लॉरी ऐटीत पळाली. चढावर, बरोबर जयसिंगरावांच्या घरापुढे, पहिल्या गिअरमध्येसुद्धा तिने मान टाकली आणि वाजंत्र्यांसकट आम्ही मागे यायला लागलो. चाकांमागे दगड घालून कशीबशी थांबवली. मी लिंबू कापलं, नारळ फोडला, मग बॉनेट उघडून नुसताच आत बघत उभा राहिलो. शेवटी लोकच ढकलायला धावले. ओट्यांवरचे आले, माड्यांवरचे आले, आणि सुनेच्या खांद्यावर हात ठेवून साक्षात सकवारबाई जिना उतरून आल्या आणि मागच्या फळीला दोन्ही तळवे लावून उभ्या राहिल्या. देवी चढली. मला मात्र रडू फुटलं, कारण जयसिंगराव कुणाला तरी सांगत होते की पुढल्या वर्षी कृष्णमूर्तींची नवी लॉरी सांगू. चार पिढ्यांचा मान माझ्या हातून जायचा, दाजी, आणि तोही टायरापायी. येत्या रविवारी मंडळ काय ते ठरवणार आहे.

आमचा मिस्त्री मल्लाप्पा म्हणतो, मागच्या आसातले क्राउन आणि पिनियन हे दोन दातेरी गिअर बदलायचे. मग चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन जास्त फिरेल आणि गेलेली ओढ परत येईल. (जुने टायर लावले तरी चालेल, असंही तो म्हणाला, पण ते मी त्याच्याच मेव्हण्याला विकलेत.) हे सगळं आपलं तुमच्या माहितीसाठी. मागणं काही नाही. अक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
फत्तेसिंग

ता. क. तुमच्या परसात बंद पडलेली लॉरी आमच्याच बनावटीची आहे, आणि आंबोली घाटासाठी तुम्ही तिला मुद्दाम जास्त ओढीचे क्राउन-पिनियन बसवून घेतले होते. हल्ली तिच्यात अक्काच्या कोंबड्या राहतात असं कळलं. कोंबड्यांना घाट चढायचा नसतो. तेवढे दोन गिअर काढून रविवारच्या आत पोचतील असे पाठवावेत.

पुन्हा ता. क. पत्र खिशातच राहिलं आणि रविवार होऊन गेला. बैठक जयसिंगरावांच्याच माडीवर भरली. त्यांनी कृष्णमूर्तींचं नाव काढलं, तशा सकवारबाई आतून म्हणाल्या, "त्यांची गाडी आपली आपण चढेल. मग मी काय वरूनच बघत बसू? इतक्या वर्षांत यंदा कुठे देवीच्या कामाला माझा हात लागला." मान आमच्याकडेच राहिला, दाजी. फक्त अट घातली आहे की चढाच्या पायथ्याशी इंजिन बंद करायचं आणि पुढे गल्लीतल्या सगळ्यांनी ढकलायचं.

तरी गिअर पाठवाच. देवी वर्षातून एकदा बसते. एरवी मला बोम्मसंद्र्याच्या विटा वाहायच्या असतात, आणि विटांना हात लावायला माडीवरून कोणी उतरत नाही.