समोरच्या दारातल्या चपला

दि. ४ फेब्रुवारी

ती. अक्कास,
प्रभूमध्ये सा. न. वि. वि.

तुझी कंबर कशी आहे? इकडे सगळं ठीक. दुकानात बांधणीला उपासनेची जुनी पुस्तकं आली आहेत, सगळी पाठीकडून सुटलेली. दिवसभर पानं शिवत बसतो आणि मान वर केली, की गल्लीपलीकडे आपल्या धाकट्या भावाचं दार दिसतं. दारात चपला. काल चार जोड होते.

तुला ठाऊकच आहे, नव्यानं लग्न झालेल्या जोडप्यांनी वर्षभर एखाद्या जुन्या जोडप्याकडे जाऊन बसावं, असं आमच्या पाळकांनी ठरवलं. अकरा वर्षं ती आमच्याच टेबलाशी बसली. आधी दहा मिनिटं गप्प राहून देवाचं ऐकायचं, मग मी चार शब्द सांगायचे. आता सगळी धाकट्याकडे जातात! पत्र्याच्या कारखान्यात ज्याचे कान गेले, तो कुणाचं काय ऐकणार? शास्त्रातली दोन वचनं त्याला धड पाठ नाहीत. यावर ही म्हणते, की माझे चार शब्द मोजले तर चाळीस भरतात. घरचा भेदी!

एक सांगायचं राहिलं. बसचा ड्रायव्हर आणि त्याची नर्स बायको, लग्नाला आठ महिने झालेले, समोरच जायचे. परवा धाकटा-धाकटी परगावी गेलेली, म्हणून आमच्याकडे आले. दोघांच्या पाळ्या उलटसुलट, भेट होत नाही, झाली की धुसफूस. शांत बसलो असता मला देवाकडून आलं, की त्यांनी समोर जाणं बंद करावं. तसं सांगितलं. पोरं गुणी, ऐकली. बरं केलं ना मी?

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादू

दि. ११ फेब्रुवारी

चि. दादूस,
अ. उ. आ.

कंबर वयाला शोभेल अशी दुखते. तुझं पत्र दोनदा वाचलं.

गावच्या शाळेत मास्तरांनी एकदा धाकट्याचं अक्षर सगळ्यांना दाखवलं होतं. मधल्या सुट्टीत तू त्याची पाटी ओल्या फडक्यानं पुसलीस आणि मास्तरांना सांगितलंस, की पावसानं पुसली. उन्हाळ्याचे दिवस होते, दादू. तेव्हा पाऊस पुढे केलास, आता देवाला केलंस का?

त्या दहा मिनिटांत तुला खरोखर काय ऐकू आलं, ते मला कळवू नकोस, धाकट्याला सांग. आणि माझ्या भावजयीला घेऊन गल्ली ओलांड. त्याला तिकीट लागत नाही.

रागाव हवं तर, पण लिहायचं थांबू नकोस.

तुझी,
अक्का

दि. २ मार्च

ती. अक्कास,
प्रभूमध्ये सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचा राग आठ दिवस पुरला. नवव्या दिवशी ड्रायव्हर दुकानात आला. बायको आईकडे निघून गेली होती. म्हणाला, समोर जायचो तोवर निदान बोलायचो. पण देवानंच नको म्हटलं, तर आम्ही काय करणार? सुई माझ्या बोटात गेली. त्या दहा मिनिटांत मला काहीच ऐकू आलं नव्हतं, अक्का. समोरच्या दाराला कुलूप दिसत होतं आणि ते तसंच राहावं, एवढंच मनात होतं.

त्याला तिथेच सांगितलं, की ते देवाचं नव्हतं, माझं होतं. मग हिला घेऊन समोर गेलो.

तिथे काय चालतं ते आता कळलं. धाकट्याचा डावा कान गेलेला, उजवा जेमतेम. डावीकडे बसलेल्याचं बोलणं उजवीकडच्यानं त्याला मोठ्यानं, जसंच्या तसं सांगायचं. मग दोघांनी जागा बदलायच्या. उपदेश नाही, वचन नाही. कळलं नाही, की पुन्हा सांग म्हणतो, बस्स.

मी डावीकडे बसलो. म्हटलं, मी देवाच्या नावानं खोटं बोललो. हिनं ते ओरडून सांगितलं; गल्लीनंही ऐकलं असेल. मग म्हटलं, मला तुझा हेवा वाटतो. ही थांबली. धाकटा म्हणाला, पुन्हा सांग. तेव्हा तिनं सांगितलं, की भाऊजी, यांना तुमचा हेवा वाटतो, शाळेपासून. शाळेपासून हे मी म्हटलं नव्हतं.

धाकटा म्हणाला, देवाचं त्याला कधीच ऐकू आलेलं नाही, ती दहा मिनिटं तो नुसता बसतो. दादाला ऐकू येतं, म्हणून इतकी वर्षं तोच माझ्यावर जळत होता.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरबरोबर नर्सच्या आईकडे गेलो. नर्सनं मला बसा म्हटलं नाही. दारातच सगळं ऐकून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, हे काय म्हणाले ते आता तू सांग. त्यानं सांगितलं. मग म्हणाली, आता मी म्हणते ते सांग. मी जिना उतरून खाली उभा राहिलो. अर्ध्या तासानं दोघं खाली आली, तेव्हा तिची पिशवी त्याच्या हातात होती.

हेवा गेला असं लिहिणार नाही. उपासनेत पाळकांनी धाकट्याचं नाव घेतलं, तेव्हा पोटात दुखलंच. पण काल समोरच्या दारात चपलांचे सहा जोड होते. खिडकीतून नाही मोजले. निघताना माझा सापडेना, म्हणून मोजले.

धाकट्यावर आहे तेवढाच लोभ माझ्यावरही असू दे. किंचित जास्त असला तरी चालेल.

तुझा,
दादू